आठ वजा तीन वजा दोन

त्या वर्षी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात पार्सर म्हणजे काय हे माहीत असलेली मी एकटीच आहे, असं मी छाती ठोकून सांगायची. कोण तपासायला येणार होतं? दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. नागपूरला इंजिनिअरिंग करून मी परत आले होते आणि एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवायचं काय, तर पत्र कसं टाइप करायचं, अक्षर ठळक कसं करायचं, आणि कॉम्प्युटर बंद करताना थेट बटण दाबायचं नाही. दिवसाला चार बॅचेस, चारही बॅचेसना हेच. चौथ्या बॅचपर्यंत माझा आवाज इतका चिडका व्हायचा की पोरी एकमेकींकडे बघायच्या.

डोकं माझं दुसरीकडेच असायचं. कॉम्प्युटरसाठी नवी भाषा बनवायची असेल, तर आधी ती भाषा वाचू शकणारा एक प्रोग्रॅम लागतो. तो पार्सर. हातानं लिहायला बसलं की महिने जातात. मी एक हत्यार बनवलं होतं: तुम्ही फक्त तुमच्या भाषेचे नियम लिहून द्या, पार्सर ते हत्यार आपलं आपण तयार करून देईल. अशी हत्यारं जगात आधीही होती, मी काही पहिली नव्हे. पण माझं लहान होतं, जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, आणि सगळं मी स्वतः लिहिलं होतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं आहे. जेवून घे."

आता हे कोणाला दाखवायचं? मला रात्रंदिवस एकच प्रश्न खायचा, की हे खरंच चांगलं आहे की मी उगाच स्वतःला शहाणी समजून राहिली आहे. क्लासच्या मालकाला विचारून उपयोग नव्हता. कॉलेजच्या मैत्रिणी पुण्याला नोकरीला लागल्या होत्या, त्यांना वेळ नव्हता. मला एक तरी माणूस पाहिजे होता, ज्याला यातलं कळतं आणि जो तोंडावर सांगेल. त्यासाठी मी इंटरनेटवर एक चर्चागट काढला. तेव्हा अशी फुकट सोय होती. गटाला एक पत्ता मिळायचा, त्या पत्त्यावर कोणीही सभासदानं ई-मेल पाठवली की ती सगळ्यांना जायची. विषय मी लिहिला: प्रोग्रॅमिंगच्या भाषा बनवण्याची हत्यारं. माझं हत्यारही कोणालाही उतरवून घेता येईल असं गटाच्या पानावर ठेवलं.

पहिल्या महिन्यात सभासद तीन. मी आणि दोन मैत्रिणी, त्याही माझ्या भिडेखातर. मी दिवसातून दोनदा सायबर कॅफेत जायची, एकदा क्लासच्या आधी, एकदा सुटल्यावर. कॅफेवाला मला पाहूनच म्हणायचा, "मॅडम, आज भी लाइन स्लो है." फोनच्या तारेवरचं इंटरनेट, पान उघडेपर्यंत मी खुर्चीत पाय हलवत बसायची. उघडलं की काही नाही. एकसुद्धा मेल नाही. मग बाहेर यायची, बाजारातून विनाकारण एक फेरी मारायची, आणि कधी कधी परत आत जायची. एका जागी बसवतच नव्हतं मला. एकदा घाईत सायकल दुसऱ्याचीच घेऊन निघाले होते.

एवढ्यात मला गटाच्या पानावर एक सोय सापडली. कोणाचेही ई-मेल पत्ते लिहून दिले की त्यांना न विचारता सभासद करता यायचं. माझ्या हातून जे झालं ते इथं झालं.

आमच्या नात्यात तेव्हा ई-मेलचं वारं नुकतंच शिरलं होतं. आमचे पूर्वज माळव्यातून इकडं आले, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, पण आमची माणसं अजून अशी चिकटून राहतात की एकाला ठेच लागली तर दहा जण पाय चोळतात. भिलाई, रायपूर, नागपूर, तुमसर, जिथं जिथं नोकरीला कोणी होतं त्यानं ई-मेल काढली होती, मुख्यतः लग्नाचे बायोडाटा पाठवायला. त्या बायोडाटांमुळे सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे होते. मी एका दुपारी बसून साठ जणांना गटात टाकलं. म्हटलं, रिकाम्या घरात पाहुणा पाय ठेवत नाही, माणसं दिसली की माणसं येतील.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आपल्या गावची मंडई असली की नात्यागोत्यातल्या सगळ्यांना बोलवायचं, आणि ज्याला बोलावलं त्यानं यायचंच. मंडईत काय आहे, नाटक कोणतं आहे, याला महत्त्व नाही. दारात येऊन तोंड दाखवायचं, "आलो बा आमी" म्हणायचं, चहा घ्यायचा. नाही आलं तर वर्षभर बोलणं ऐकायचं. माझ्या साठ माणसांना वाटलं, बाईनं बोलावलंय. त्यांनी गटावर हजेरी लावली. दोन दिवसांत चाळीस मेल. कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी, कोणी आमची पोवारी बोली, कोणी हिंदी. "आलो." "आम्ही पण आहोत." "तुझ्या कार्यास शुभेच्छा, घरी सगळे ठीक." एका मामांनी मेहुण्याच्या मुलीचा बायोडाटाही टाकला. मी डोक्याला हात लावला, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पंधरा दिवसांनी कोचीनहून एक माणूस आपणहून सभासद झाला.

त्यांच्या मेलमधून जेवढं कळलं तेवढं सांगते. तिथल्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचे, वयानं मोठे असावेत. जवळच्या एका शाळेतल्या मुलांसाठी ते छोटी भाषा बनवत होते, मुलांनी आपल्या मातृभाषेतल्या शब्दांत गणितं लिहायची आणि कॉम्प्युटरनं ती सोडवायची. त्यासाठी त्यांना माझं हत्यार आवडलं होतं. आम्ही दोघं इंग्रजीत लिहायचो. पहिल्याच मेलमध्ये त्यांनी लिहिलं, "गोंदिया कुठे आहे ते मला नकाशात शोधावं लागलं. तिथे या विषयात काम करणारे साठ लोक आहेत हे पाहून थक्क झालो. आमच्या शहरात मी एकटाच आहे."

इथं मी सांगायला पाहिजे होतं की सर, हे साठ लोक म्हणजे माझे काका, मामा, चुलतभाऊ आणि एक विहीण आहेत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लिहिलं, "हो, इथे बराच उत्साह आहे."

मग दीड-दोन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. ते प्रश्न विचारायचे, मी फ्लॉपीत उत्तर लिहून न्यायची आणि कॅफेतून पाठवायची. ते पुन्हा विचारायचे. त्यांनी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला होता. अमुक ठिकाणी तुम्ही हे असं का केलं, असं कोणी विचारतं तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. क्लासमधल्या पोरींवरही मी तेव्हा कमी खेकसायची. रस्त्यानं चालताना मी मनातल्या मनात त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि एकदा रेल्वे फाटकाशी मोठ्यानं दिलं, तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मुझसे बोला क्या दीदी?"

मग एका मंगळवारी त्यांची मेल आली. गटावर, सगळ्यांना. फार सभ्य मेल होती. लिहिलं होतं की मुलांच्या भाषेत मी आठ वजा तीन वजा दोन असं गणित घातलं, उत्तर सात आलं. तुमच्या हत्यारात काही दोष असू शकेल का? शाळेत महिनाअखेरीस मुलांना दाखवायचं ठरलं आहे, म्हणून जरा घाई आहे.

मी कॅफेतच पावतीच्या पाठीमागे लिहून पाहिलं. आठातून तीन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. उत्तर तीनच. माझं हत्यार आधी तीनातून दोन काढत होतं, राहिला एक, आणि तो एक आठातून. म्हणून सात. गणित दोन तऱ्हांनी वाचता येतं अशी जागा आली की ते गुपचूप चुकीची तऱ्हा धरत होतं आणि सांगतही नव्हतं. दोष माझा होता, आणि साधासुधा नव्हता, पायातच होता. माझे कान तापले. साठ जणांसमोर, असं मला वाटलं. तेच साठ, ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही हे मला माहीत होतं.

मी ठरवलं, आधी दुरुस्त करायचं, मग उत्तर द्यायचं. "दोष होता, काढला" असं लिहिणं वेगळं आणि नुसतं "दोष आहे" असं लिहिणं वेगळं. क्लास सुटला की मी तिथंच कॉम्प्युटरपुढं बसायची. घोडं कुठं पेंड खातंय ते दिसत होतं, पण इकडं ठोकलं की तिकडं वर यायचं. वजाबाकी सुधारली की कंस बिघडायचे. लाइट गेली की मी जिना उतरायची, चढायची. बुध, गुरू, शुक्र असेच गेले. कोचीनला मी एक ओळसुद्धा लिहिली नाही.

शनिवारी दादा आला. दादा म्हणजे माझा सगळ्यात मोठा चुलतभाऊ. देवरीच्या पुढं, चिचगडकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर. वहिनी आणि मुलं गोंदियात, म्हणून शनिवारी शाळा सुटली की यायचा आणि सोमवारी सकाळच्या बसनं जायचा. त्याला ई-मेल मीच काढून दिली होती, आणि त्याला तिचं मोठं कौतुक. कॅफेत बसून एका बोटानं टाइप करायचा. त्यानं कोचीनची मेल वाचली आणि सगळ्या गटाला उत्तर टाकलं. इंग्रजीत. "रिस्पेक्टेड सर, आमची बहीण चूक करत नाही. आपण आपलं तपासून पाहावं."

झालं. पंगतीत एकानं वाढलं की सगळे सरसावतात तसं झालं. रायपूरचा मावसभाऊ, नागपूरचे काका, तुमसरचे भाऊजी, सगळे धावून आले. "बाईमाणूस पाहून बोलू नये." "आमच्या घराण्यातली पहिली इंजिनिअर आहे ती." आपला तो बाब्या म्हणतात ते असं. आणि भिलाईचा भाऊ. हा कारखान्यात अधिकारी, त्याचं इंग्रजी ऑफिसातलं. त्यानं लिहिलं: "सदर हत्याराची आमच्या स्तरावर सखोल तपासणी केली असता कोणताही दोष आढळून आलेला नाही." खाली सही, हुद्दा. त्यानं ते हत्यार बघितलंसुद्धा नव्हतं. त्याला एवढं कळलं होतं की बहिणीवर आक्षेप आला आहे आणि आक्षेपाचं उत्तर असंच देतात.

मी हे सगळं वाचत होते. रोज. सकाळी आणि संध्याकाळी. पहिल्यांदा हसू आलं, मग भीती वाटली, आणि नंतर जे वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. मला छान वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या या वेडासाठी कोणी भांडत होतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर हे सगळं थांबलं असतं: दादा, गप्प राहा, सरांचं बरोबर आहे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. रोज ठरवायची, आज दुरुस्त झालं की लिहीन. दुसरा शनिवारही गेला. त्या शनिवारी दादानं आणखी एक मेल टाकली, पहिलीपेक्षा कडक. मीही त्या वेळी कॅफेतच होते, त्याच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर. त्यानं मला विचारलं, "बरोबर लिवलं ना वं?" मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "हं."

रविवारी दुपारी कोचीनची मेल आली. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ आहे, पण तशीच्या तशी देत नाही, ती त्यांची आहे. त्यांनी क्षमा मागितली होती. त्यांनी, मला. म्हणाले, एवढ्या जाणकारांनी तपासून दोष नाही म्हटलं आहे, तेव्हा नियम लिहिण्यात माझंच काही चुकत असणार. माझं शिक्षण या विषयातलं नाही, आपलं आपण वाचून शिकलो, त्यामुळे असं होतं. आपल्या गटाचा वेळ घेतला. शाळेला मी कळवलं आहे की या वर्षी जमणार नाही. मुलं जरा हिरमुसली, पण ठीक आहे. आणि शेवटी माझ्या कामाला शुभेच्छा.

मी तशीच उठले. कॅफेवाला मागून म्हणाला, "मॅडम, टाइम बाकी है आपका." मी चालत सुटले. स्टेशनपर्यंत गेले, पुलावर चढले, उतरले, परत चढले. खाली चांद्याकडची पॅसेंजर उभी होती, ती गेली. मला स्वतःला थोबाडीत मारावंसं वाटत होतं. असा माणूस मी वर्षभर शोधत होते. तो स्वतः चालत आला होता, त्यानं माझी चूक बरोबर बोट ठेवून दाखवली होती, आणि मी त्याला घरी बसवलं होतं, वर तोच माझी माफी मागत होता. आणि ती मुलं. आठातून तीन आणि मग दोन, एवढंच त्यांना कॉम्प्युटरला विचारायचं होतं.

सोमवारी सकाळी मी बसस्टँडवर गेले. दादा देवरीच्या बसची वाट पाहत उभा होता, हातात डब्याची पिशवी.

"काऊन आली एवढ्या सकाळी?" तो म्हणाला.

मी रागानंच आले होते. रात्रभर मी त्याच्यावर, भिलाईच्या भावावर, सगळ्या खानदानावर चिडत होते. म्हटलं, "दादा, तो कोचीनचा माणूस बरोबर होता. चूक माझी होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हाकललं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "मालूम आहे मले," तो म्हणाला.

"काय मालूम आहे?"

"आठातून तीन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. सात कुठून येते? चौथीच्या पोरायले शिकवतो मी. पहिल्याच दिवशी कागदावर करून पाह्यलं."

"मग कायले लिवलं तसं?"

"तू होती ना बाजूले," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा, शाळेत समजावून सांगतात तसा बोलत होता. "तू वाचून राहिली होती रोज. मी लिवलं, तू काही म्हटलं नाही. भिलाईवाल्यानं लिवलं, तू काही म्हटलं नाही. दुसऱ्या खेपेले तर तुले विचारलं मी. आमी समजलो, तुले असंच पाह्यजे आहे."

बस लागली. लोक दारात झोंबायला लागले. दादानं पिशवी खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली, मग आत चढला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "आता तरी लिव त्याले."

कॅफे दहाला उघडला. मी पायरीवरच बसले होते. गटावर सगळ्यांना लिहिलं की दोष माझ्या हत्यारात आहे, पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, सरांचं बरोबर होतं, आणि या गटातले लोक या विषयातले जाणकार नाहीत, माझे नातेवाईक आहेत. हेच त्यांच्या पत्त्यावर वेगळंही पाठवलं. मग सभासदांची यादी उघडली. कोचीनचा पत्ता यादीत नव्हता. रविवारीच त्यांनी गट सोडला होता. त्यांच्या पत्त्यावर पाठवलेल्या मेलचं उत्तर त्या आठवड्यात आलं नाही, त्या वर्षी आलं नाही, पुढंही कधी नाही.

गटावर मात्र संध्याकाळपर्यंत एकोणीस उत्तरं आली. तू मनाला लावून घेऊ नको, चूक त्यांचीच असेल.